चार भाषा येतात, म्हणून स्पाय फिल्ममध्ये करिअर होतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता. विचारणारे मूळचे पुण्याचे, सध्या बर्लिनमध्ये आयटीत. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकला काम केलेलं. मराठी-हिंदी-इंग्रजी आहेच, जर्मन सी-वन (म्हणजे बरीच वरची पातळी) झालंय, फ्रेंच चालू आहे. परवा जुना बाँडपट 'द स्पाय हू लव्हड मी' बघितला आणि त्यातला समुद्राखाली राहणारा व्हिलन, म्हणजे कुर्त युर्गेन्स, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी तिन्हीत सिनेमे करायचा हे वाचून डोक्यात किडा शिरला. तर असं करिअर करायला किती भाषा लागतात, अ‍ॅक्सेंट घालवावा लागतो का आणि नोकरी सोडून या नादाला लागावं का?

मी मुंबईत डबिंग डिरेक्शन आणि डायलॉग कोचिंग करते. बाहेरचे सिनेमे हिंदी-मराठीत आणणं आणि नटांना परक्या भाषेतल्या ओळी तोंडात बसवून देणं हे माझं रोजचं काम. म्हणजे मी सगळं नटाच्या तोंडाच्या बाजूने बघते, कास्टिंगवाला बसला असता तर त्याने वेगळं सांगितलं असतं, हे धरूनच वाचा. आणि तुमचं वय, व्हिसा, चेहरा कुठला वाटतो, खिशात किती महिन्यांचे पैसे आहेत यावर बरंच काही ठरतं, ते मला इथून दिसत नाही.

पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न भाषा किती हा नाहीये. खरा प्रश्न आहे की कुठली इंडस्ट्री तुम्हाला आपला माणूस मानते. युर्गेन्सचंच बघा ना. जन्म १९१५, म्युनिकजवळ, वडील हॅम्बुर्गचे व्यापारी, आई फ्रेंच, म्हणजे दोन भाषा घरातच. आधी पत्रकारी केली, १९३५ ला पहिला सिनेमा, मग व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या मोठ्या नाट्यगृहात बरीच वर्षं नाटक. १९४४ ला नाझींनी राजकीयदृष्ट्या बेभरवशाचा म्हणून छावणीत पाठवलं, युद्धानंतर ऑस्ट्रियन नागरिक झाला. आणि जगाला तो दिसला कधी, तर १९५५ ला, चाळिशीला टेकल्यावर. त्या वर्षी एक जर्मन सिनेमा आणि एक फ्रेंच सिनेमा, दोन्हीतलं काम मिळून व्हेनिसला बेस्ट अ‍ॅक्टरचं बक्षीस मिळालं. म्हणजे फ्रेंच त्याला लहानपणापासून येत होतं, पण ते कामाला आलं वीस वर्षं जर्मनमध्ये घासल्यावर. त्याच्या पुढच्या वर्षी ब्रिजित बार्दो या फ्रेंच नटीबरोबर सिनेमा (तिने त्याला म्हणे नॉर्मन कपाट म्हटलं होतं, अंगापिंडाने होताच तसा), १९५७ ला डिरेक्टर क्लूझोच्या 'ले एस्पियॉं'मध्ये, म्हणजे हेरांच्याच गोष्टीत, फ्रेंच बोलला आणि त्याच वर्षी अमेरिकन सिनेमात रॉबर्ट मिचमसमोर जर्मन पाणबुडीचा कॅप्टन. हॉलिवूडने त्याला पुढे जर्मन जनरल आणि अधिकारी बनवून बनवून दमवला, हेही खरंय.

आता बाँडमधला स्ट्रोमबर्ग, म्हणजे तुमचा तो समुद्राखालचा व्हिलन, आला १९७७ ला, वय साठीच्या पुढे. लोकांना वाटतं ते त्याच्या करिअरचं शिखर. पण त्याच काळात, १९७३ ते १९७७, तो दर उन्हाळ्यात झाल्झबुर्गच्या महोत्सवात 'येडरमान' या नाटकातला मुख्य रोल करत होता, जर्मन रंगभूमीवर ज्या रोलसाठी नट जीव टाकतात तो. बाँड हा पाहुणचार होता, घर झाल्झबुर्ग आणि व्हिएन्ना. तुमच्याकडे सध्या पाच भाषांमधला पाहुणचार आहे पण घर कुठलं ते तुमच्या प्रश्नात कुठेच दिसलं नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय.

भाषा येत नसतानाही स्पाय फिल्ममध्ये अजरामर झालेला माणूस म्हणजे गेर्ट फ्रोबं, 'गोल्डफिंगर', १९६४. तो जर्मनीतल्या झाक्सनीचा. बाँडच्या निर्मात्यांनी त्याला १९५८ च्या एका सिनेमात लहान मुलींच्या खुन्याच्या रोलमध्ये पाहिलं आणि घेतला. सेटवर आल्यावर कळलं की इंग्रजी जवळपास शून्य. निकी व्हॅन डर झिल नावाच्या बाई त्याच्या ओळी घटवून घ्यायला होत्या, याच बाईंनी 'डॉक्टर नो'मध्ये उर्सुला अँड्रेसला आवाज दिला होता, आणि त्या स्वतः जर्मनीत जन्मलेल्या. तर फ्रोबं ओळी नुसत्या उच्चाराने पाठ करून इतक्या सावकाश म्हणायचा की डिरेक्टर गाय हॅमिल्टनने त्याला सांगितलं, दुप्पट स्पीडने म्हण. का? तर नंतर दुसऱ्याचा आवाज बसवायचा तर ओठ नैसर्गिक वेगाने हलायला हवेत. डबिंगवाल्याला याची किंमत कळते हो, हळू हललेल्या ओठांवर चांगली ओळ बसवणं म्हणजे नुसता छळ असतो. शेवटी आवाज दिला मायकल कॉलिन्स या ब्रिटिश नटाने (चंद्रावर गेलेला तो वेगळा). जर्मन आवृत्तीत मात्र फ्रोबंने स्वतःच डब केलं. तुम्ही आता बर्लिनमध्येच आहात तर दोन्ही आवृत्त्या शेजारी लावून बघा, कोचिंगचे पैसे वाचतील.

याच्या उलट केस अदोल्फो चेली. सिसिलीत मेस्सिनाला जन्म, युद्धानंतर ब्राझीलला गेला, साओ पाउलोमध्ये तिथल्या मोठ्या नाटक कंपनीचा आर्टिस्टिक डिरेक्टर होता, पोर्तुगीजमध्ये नाटकं बसवली, सिनेमे केले, परत युरोपात येऊन फ्रेंच सिनेमात कामं. म्हणजे बहुभाषिक म्हणावा तर हाच. आणि १९६५ च्या 'थंडरबॉल' या बाँडपटात इंग्रजीत आवाज कुणाचा? रॉबर्ट रिएटीचा. भाषा येत असून उपयोग झाला नाही कारण इटालियन लहेजा निर्मात्यांना जड वाटला. सांगायचं काय, तर फ्रोबंला भाषा येत नव्हती, चेलीला येत होती, दोघांचाही आवाज कापला आणि दोघंही चालले, कारण दोघांकडे कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं राहून खोली भरून टाकायची ताकद होती आणि ती त्यांनी आपापल्या घरी कमावली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

साठच्या दशकात हे चालून जायचं, कारण बाँड हिट झाल्यावर इटली-फ्रान्स-स्पेन-जर्मनीने मिळून जे स्वस्तातले स्पाय सिनेमे धडाधड काढले त्यात सेटवर प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलायचा, साउंड नंतरच बसवायचा हे ठरलेलंच. आज तसं नाहीये. लोकेशनवरचा आवाज वापरतात, मूळ आवृत्तीत नटाचा आवाज बदलणं आता क्वचित होतं, सिरीजमध्ये जर्मन माणूस जर्मन बोलतो आणि खाली सबटायटल येतं. म्हणून तुमच्या पिढीला भाषेचा उपयोग चेलीपेक्षा जास्त आहे, हे मी मान्य करते.

पण भाषा येणं म्हणजे काय, इथे बहुतेक जण फसतात. सी-वन सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही वाचू, लिहू, बोलू शकता. नटाला लागतं ते वेगळंच, समोरच्याने ओळ चुकवली, मध्येच तोडलं, आवाज चढवला तर त्याच भाषेत त्याच क्षणी तोंडातून काहीतरी आलं पाहिजे. माझ्याकडे एक मुलगा यायचा, जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. ओळी एकदम स्वच्छ. एकदा मी मुद्दाम माझी ओळ गाळली आणि नुसती त्याच्याकडे बघत बसले. तो थांबला, कागदाकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, 'मॅम, आपकी लाइन.' पात्र जर्मन होतं, घाबरला मात्र हिंदीत. मग आम्ही बरेच आठवडे फक्त भांडण केलं, स्क्रिप्ट बाजूला ठेवून, जर्मनमध्ये, भाडं कुणी भरायचं, भांडी कुणी घासायची यावर. त्यानंतर त्याच्या ओळींना वजन आलं.

हाच मुद्दा क्रिस्तोफ वाल्ट्सकडे बघितलं की स्वच्छ दिसतो. व्हिएन्नाचा, तिथल्याच माक्स राइनहार्ट सेमिनारमध्ये शिकलेला, मग कित्येक वर्षं जर्मन टीव्हीवर कामं. २००९ ला 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आणि इटालियन अशा चार भाषा एकाच नाझी अधिकाऱ्याच्या रोलमध्ये, वय बावन्न, कान आणि ऑस्कर दोन्ही. सुरुवातीचा फार्महाउसमधला सीन परत बघा. तो फ्रेंचमधून इंग्रजीत जातो तेव्हा ती भाषिक कसरत नाहीये, समोरच्या शेतकऱ्याला कोंडीत पकडायची चाल आहे, तळघरात लपलेल्या ज्यूंना इंग्रजी कळू नये म्हणून. प्रत्येक भाषेत तोच माणूस राहतो, तेवढाच गोड आणि तेवढाच भयानक. डिरेक्टर टॅरंटिनोला हा रोल करणारा माणूसच मिळत नव्हता, सिनेमा सोडून द्यायच्या बेतात होता तो. म्हणजे चार भाषा बोलणारे युरोपात ढिगाने असतील, पण चार भाषांत नट असणारा सापडेना. बाँडपटातला व्हिलन वाल्ट्सला त्यानंतर मिळाला, २०१५ ला.

त्याच सिनेमातला तळघरातल्या बारचा सीन तर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवते. मायकल फासबेंडर जर्मन अधिकारी बनून बसलेला ब्रिटिश हेर, तीन ग्लास मागवताना पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिका वर करतो आणि पकडला जातो, कारण जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. गंमत म्हणजे फासबेंडरचा जन्म हायडलबर्गचा, वडील जर्मन. आता तुम्ही स्वतः कसं मोजता बघा, आपण अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजतो, लहानपणी आजीने जप करताना दाखवलेलं असतं ना, तसं. बर्लिनच्या बेकरीत तीन ब्रोट्शन (छोटे पाव) मागताना तुमचा हात काय करतो? तोंडातलं जर्मन कितीही चांगलं असू दे, हात मराठीच राहतो. हे शिकवायला कुठला क्लास नाही, दुकानात उभं राहून बघायचं.

अ‍ॅक्सेंटचं विचारलंत. पूर्ण घालवायच्या मागे लागू नका, ते होत नाही आणि झालं तरी फायदा शंकास्पद, स्पाय फिल्ममध्ये परका लहेजा हाच विकला जाणारा माल असतो. युर्गेन्सने इंग्रजीत आयुष्यभर जर्मन वास ठेवला आणि त्यावरच जगला. अडतं कुठे, तर समजलं नाही तर आणि जोर चुकीच्या जागी पडला तर. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो, जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत एक अक्षर ठोकून बाकीची गिळायची असतात. ट-ड आपण जीभ मागे वळवून काढतो, तिथे ती पुढे दातांच्या मुळाशी लागते आणि शब्दाच्या सुरुवातीला हवा सुटते. एवढं दुरुस्त केलं तरी पुष्कळ.

उलट दोन गोष्टी आपल्याला फुकटात मिळाल्यात, त्या कुणी सांगत नाही. जर्मनमध्ये झेड अक्षराचा जो आवाज आहे, रेल्वेगाडीला म्हणतात त्या त्सुगमधला, तो आपल्या चाक आणि चूल यातल्या चसारखाच. माझ्याकडच्या हिंदीवाल्यांना तो घासून घासून शिकवावा लागतो, आपल्याला शिकावाच लागत नाही. आणि दुसरं म्हणजे वाक्याची चाल. 'वाइल इश डिश गेस्टर्न आम बानहोफ गेझेएन हाबं', आता मराठी ठेवा शेजारी, 'कारण मी तुला काल स्टेशनवर पाहिलंय'. शब्दाखाली शब्द! जर्मनमध्ये अशा जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं, इंग्रजीवाला नट तिथपर्यंत पोचेतो दम सोडून देतो, वाक्याची शेपटी पडते. आपल्याला शेवटच्या शब्दापर्यंत श्वास आणि संशय दोन्ही धरून ठेवायची जन्मापासून सवय आहे, आणि हेराच्या सीनमध्ये मजा त्या शेवटच्या शब्दातच असते. हे वापरा.

आता जे ऐकायला फारसं छान वाटणार नाही ते. रोल कुणाला मिळतो यात भाषेइतकाच पैसा बोलतो. मायकल लॉन्सडेल घ्या, पॅरिसचा, वडील इंग्रज आई फ्रेंच, दोन्ही भाषा घरच्या. १९७९ चा 'मूनरेकर', ज्यात तो व्हिलन होता तो बाँडपट, ब्रिटन आणि फ्रान्सची को-प्रॉडक्शन होती, स्टुडिओचं बरंचसं शूटिंग पॅरिसला, तर फ्रेंच नट घेणं सोयीचंच होतं, आणि अशा वेळी ज्याला दोन्ही भाषा स्वतःच्या आवाजात येतात तो हातात असणं म्हणजे देव पावला. भाषेने त्याला रोल दिला असं मी म्हणणार नाही, पण दार उघडलं तेव्हा तो तयार उभा होता. आणखी एक मजा सांगते, बीबीसीच्या १९८२ च्या 'स्मायलीज पीपल' या हेरांच्या सिरीजमध्ये युर्गेन्स आणि लॉन्सडेल दोघंही आहेत, बाँडचे दोन व्हिलन, एक म्हातारा एस्टोनियन जनरल आणि एक स्वित्झर्लंडच्या बर्नमधला घाबरट रशियन अधिकारी. ती दाखवली गेली तेव्हा युर्गेन्स जाऊन काही महिने झाले होते. बाँडमधलं काम कुणीही बघेल, तुम्ही हे बघा, लॉन्सडेलची चौकशी होते तो भाग तर दोनदा. माणूस घाम न गाळता घाबरतो कसा ते कळेल.

आणि भारतीय चेहऱ्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. कबीर बेदी १९७६ ला इटालियन टीव्हीच्या 'सांदोकान'मध्ये हिरो होता, इटली अक्षरशः वेडी झाली होती, आणि त्यात त्याच्यासमोर कोण होता, तर आपले चेलीसाहेब. इटालियन आवाज बेदींचा नव्हता, पीनो लॉक्कीचा होता, जो तिथे शॉन कॉनरीचाही आवाज होता. तोच बेदी १९८३ ला 'ऑक्टोपसी' या बाँडपटात व्हिलनचा पगडीवाला बॉडीगार्ड, बोलायला फारसं काही नाही. माणूस तोच, एका देशात नायक आणि दुसऱ्यात दांडगा नोकर. तुम्हालाही सुरुवातीला डॉक्टर, टॅक्सीवाला, कॉम्प्युटरवाला किंवा संशयित हेच येणार. आता जर्मन सिरीजमध्ये थोडं बदलतंय पण त्या भरवशावर घर चालत नाही.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे फ्रेंच सध्या थांबवा. एक ना धड भाराभर चिंध्या होतील. जर्मन ही एकच भाषा धरा आणि ती खेळायची भाषा करा. तिथल्या कास्टिंग प्रोफाइलवर मातृभाषा, सफाईने येणारी आणि जुजबी असे वेगळे रकाने असतात, बोलीही वेगळ्या लिहितात, तिथे खरं तेच लिहा. इंग्रजीला सफाई, जर्मनला सफाई, मराठी मातृभाषा, फ्रेंच जुजबी, बस. खोटं लिहिलं की पहिल्याच ई-कास्टिंगला (म्हणजे ऑनलाइन ऑडिशनला) उघडं पडतं, कारण समोरचा ओळ बदलूनच बघतो. सरकारी रोजगार खात्याची कलाकारांसाठी वेगळी शाखा आहे, झेडएव्ही, पण तिथे प्रशिक्षण किंवा प्रोफेशनल कामाचा पुरावा विचारतात, पुरुषोत्तमचं सर्टिफिकेट पुरणार नाही, कितीही प्रेमाने ठेवलेलं असलं तरी.

ऑडिशनसाठी स्वतःची टेप करताना स्पायचा सीन करू नका, प्लीज. कोट घालून हळू आवाजात धमक्या देणारे टेप सगळेच पाठवतात. साधं काहीतरी घ्या, फोनवर आईशी मराठीत बोलताय आणि दारात घरमालक जर्मनमध्ये भांडायला आलाय, एकाच टेकमध्ये दोन्ही सांभाळा. दोन मिनिटांच्या आत. भाषा बदलताना चेहरा बदलला नाही पाहिजे पण आवाजाची पट्टी बदलते, ती बदलू द्या, आपण सगळेच मराठीत थोडे वेगळ्या सुरात बोलतो. यात तुम्ही खोटं काहीच करत नाही आणि बघणाऱ्याला जे पाहिजे ते सगळं दिसतं.

नोकरीचं म्हणाल तर सोडू नका. आणि मुळात तुमचं परमिट कुठलं आहे, त्यावर बाजूला मानधनाचं काम चालतं का, हे परदेशी लोकांच्या कचेरीत लेखी विचारून घ्या, मानधन घ्यायच्या आधी, नंतर नाही. तोपर्यंत संध्याकाळी नाटक करा. बर्लिनमध्ये इंग्रजीत नाटक करणारे ग्रुप आहेत आणि भारतीय मंडळींचेही कार्यक्रम होत असतात, तिथे लगेच मोठा रोल मिळेल, पण मी तुमच्या जागी असते तर जर्मनमध्ये काम करणाऱ्या एखाद्या हौशी ग्रुपात जाऊन चार ओळींचा नोकर केला असता, तालमीत सगळ्यांच्या मागे उभी राहिले असते आणि ब्रेकमध्ये त्यांच्याशी भांडले असते. वर्षभर हे करून बघा, मग टेप पाठवा, मी बघेन.